आईला व्होल्तेर्रा दाखवताना

३ मे, रविवार. डंडॉक, आयर्लंड.
ठरलं. आईला व्होल्तेर्रा दाखवायचं. इटलीतलं डोंगरावरचं गाव, रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांचं. आईने साताऱ्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. तिथल्या म्युझियममध्ये एका अस्थिपेटीच्या झाकणावर म्हाताऱ्या नवरा-बायकोचं जोडपं पहुडलेलं आहे. त्याचा फोटो बाबांनी तिला दाखवला होता. दोघं मिळून बघायला जाणार होते. बाबा गेले, राहून गेलं. आता मुलगा नेणार. मुलगा असावा तर असा.

जूनचा पहिला सोमवार इथे बँक हॉलिडे, त्याला जोडून आलेल्या शनिवार-रविवारची तिकिटं काढली. पीसापर्यंत विमान, पुढे बस. रुचाने विचारलं, आईंच्या व्हिसाचं काय? बायकोला वाटतं मला काही कळत नाही. आयर्लंड युरोपात, इटली युरोपात. आयर्लंडचा व्हिसा आईकडे आहेच, त्यावरच तर ती आमच्याकडे राहायला आलीय. विषय संपला.

६ मे
गावाचा इतिहास वाचून काढला. तिथे जुनी वेस आहे, वर दगडाची तीन मुंडकी, नाकडोळे पार झिजलेले. महायुद्धात जर्मन ती वेस उडवणार होते, तर गावकऱ्यांनी रस्त्यातले दगड उपसून वेसच बुजवली. आईला सांगायला गेलो, तर अर्ध्यात मला थांबवून पुढचं तिनेच सांगितलं. मास्तरीणबाईंची खोड.

११ मे, सोमवार
ऑफिसातला परेश, मूळचा नागपूरचा, तोंडाने फटकळ. म्हणाला, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही बे, इटलीचा व्हिसा वेगळा लागतो, विसरला का?
विसरलो. पूर्वी दरवेळी डब्लिनला व्हिसाच्या रांगेत उभा राहणारा मीच. आयरिश पासपोर्ट हातात पडला आणि व्हिसा हा शब्दच डोक्यातून गेला. आईचा पासपोर्ट भारताचा.
आईला आज सांगत नाही. आजच तिने इटालियनमध्ये नमस्कार आणि आभार पाठ केलेत.

१२ मे
व्हिसा सेंटरला फोन. बाईंचं म्हणणं, पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने आपल्या देशातून अर्ज करायला हवा होता. मी म्हटलं, पण आई तर इथे आहे. त्या म्हणाल्या, हो ना. फार गोड बोलल्या.
संकल्प: जेवताना आईला सांगणे.
नंतर: जेवायला पिठलं होतं. माझ्यासाठी मुद्दाम केलेलं. पिठल्यावर असं बोलवत नाही. उद्या.

१७ मे, रविवार
प्लॅन बी. सगळ्यांना इथल्या न्यूग्रेंजच्या दगडी थडग्याला नेलं. पिरॅमिडपेक्षा जुनं! म्हणजे व्होल्तेर्रा त्यापुढे कालचं पोर. हे गाडीत दोन-तीनदा सहज बोललो. आईने सगळं नीट बघितलं, छान आहे म्हणाली. मग म्हणाली, पण इथे चेहरे नाहीत रे कुणाचे. घरी येऊन बॅग भरायला बसली.
लेकीने, सानिकाने, मला किचनमध्ये प्रेसपाशी, म्हणजे कपाटापाशी, गाठून, डॅड, यू हॅव टु टेल हर, असं बजावलं. पोरीला मराठी सगळं कळतं, हे मी विसरतो.

२४ मे
आईला हळूच म्हटलं, इटलीत या दिवसांत ऊन फार. म्हणाली, मी साताऱ्याची आहे. म्हटलं, बसचा संप होऊ शकतो. म्हणाली, मग चालू थोडं.
माझ्याने तिच्याकडे बघवेना. टीव्ही लावला.

२९ मे, शुक्रवार
आईने प्रवासासाठी दशम्या केल्या. मी सांगणारच होतो, अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात रुचाने ताटं वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. दम म्हणून नाही बाईला.
आई दशम्या मोजून मोजून डब्यात भरत राहिली. मग म्हणाली, तुझं तिकीट आहे ना? तू जा, आणि फोनवर दाखव मला. रुचा म्हणाली, ती आणि सानिका आईंबरोबर थांबतील. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पण कुणीतरी जायलाच हवं. आईसाठीच चाललोय.

३१ मे, रविवार. व्होल्तेर्रा.
गाव सुंदर. वेशीखाली बसून दशमी खाल्ली, घशाखाली उतरेना. तरी दुसरी खाल्ली, वाया जायला नको.
म्युझियममध्ये त्या जोडप्यापुढे उभा राहून व्हिडिओ कॉल लावला. आधी माफी, मग थोडक्यात इतिहास, असं भाषण तयार होतं. एट्रुस्कन म्हणेपर्यंत आई म्हणाली, ते माहितीये, तू बाजूला हो, तुझंच डोकं दिसतंय.
बाजूला झालो. हात लांब करून फोन धरला. दोघांचे चेहरे सुरकुतलेले. बायको नवऱ्याकडे टक लावून बघतेय, आणि तो भलतीकडेच. आईने चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. मग म्हणाली, तुझे बाबाही असेच, मी बोलत असायचे आणि हे खिडकीबाहेर. आणि रडली. हात अवघडला होता, पण हलवला नाही.
मी म्हटलं, आई, पुढच्या वर्षी नक्की. सगळं मी बघतो.
ती डोळे पुसत म्हणाली, पुढच्या वर्षी ती निहारिकामावशीबरोबर इथे येणार आहे, पुण्याच्या टूरने, व्हिसाही तेच काढतात. कालच फोनवर नाव घातलं. तू काही करू नकोस.
मग परत म्हणाली, खरंच काही करू नकोस.