मैनेचं पाणी

चिरंजीव खुशालरावास, अमरावतीहून पुंजारामदादाचा आशीर्वाद. मी सुखरूप आहे, कापसाच्या बाजारात काम भरपूर.

तुझं पत्र वाचून राग मात्र आवरत नाही. बैलगाडीवरून डोक्यावर पडल्यापासून आपली बहीण मैना घागरी रिकाम्या करते, सारखी लघवीले जाते, म्हणून तू तिचं पाणी बंद केलं? काहून? पाण्याने बाधा वाढते म्हणे!

गावी खाटकाकडची बकऱ्यांची मुंडकी फोडून मी मेंदूतल्या वाटा शोधत होतो, तेव्हा तू नाक दाबून हसला. अंगातलं पाणी राखणारी जागा मेंदूच्या तळाशी आहे, असा माझा पक्का तर्क आहे. इथे डोक्यावर कापसाची मणामणाची गाठ पडलेल्या हमालाले अशीच तहान लागली. घरच्यांनी पाणी तोडलं, तो गेला.

मैनेच्या अंगात पाणी टिकत नाही, म्हणून ती पिते. पिते म्हणून जगते.

आईचे गुडघे कसे आहेत, ते मागून लिही. आधी उठ, मैनेले पाण्याचा तांब्या दे.