डाव्या बाजूचा आवाज

बाबा,

मी इअरफोन घेतले. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या कळंबात ही वस्तू फारशी दिसत नव्हती, म्हणून आधी समजावून सांगते. शेंगदाण्याएवढी दोन बोंडं असतात, त्यांना रबराच्या टोप्या, आणि मागे बारीक वायर. बोंडं कानात खुपसायची, वायर मोबाइलला जोडायची, आणि मग गाणं म्हणा, कीर्तन म्हणा, जे काय वाजेल ते फक्त आपल्याला ऐकू येतं. शेजारच्याला पत्ता नाही. तुम्ही हसाल हे मला माहीत आहे. तुम्ही जन्मभर लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावलात, शेवटच्या घरातल्या म्हातारीलाही मंगलाष्टकं ऐकू गेली पाहिजेत म्हणून भोंगा घेऊन कडुनिंबाच्या शेंड्यावर चढलात, आणि तुमची लेक एकटीपुरता आवाज मिळावा म्हणून महिनाभर दुकानाच्या पायऱ्या झिजवते आहे. पण ऐका तर खरं, काहून झिजवते आहे ते.

मी रोज कळंबहून यवतमाळला एसटीनं जाते. तिथे एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. एसटीत आता कुणी कुणाशी बोलत नाही बाबा, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आणि ज्याचा त्याचा आवाज मोकळा. एकाचं भांडण, दुसऱ्याचं भजन, तिसऱ्याची क्रिकेट मॅच, सगळं एकाच वेळी. माझी लेक पुण्यात नोकरीला आहे. तिला फोन करायला फुरसत नसते, ती आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवते. तो मी एसटीत लावला की ऐकू येत नाही, आवाज वाढवला की पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणते, "अवो मॅडम, तुमच्या घरच्या गोष्टी आमाले कायले ऐकवून राह्यल्या?" लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, साधे, स्वस्तातले, वायरवाले इअरफोन घे, चार्जिंगची कटकट नको. झालं, मी निघाले घ्यायला.

बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार बडबड्या, पण माणूस चांगला. त्यानं एक जोडी दिली, वर दम भरला, "मॅडम, यावर एल लिहेल हाय तो डाव्या कानात, आर तो उजव्या कानात. उलटं करान तं मजा येत नाही." मी मुकाट्यानं तसंच केलं. लिहिलेलं पाळायची ऑफिसातली खोड. दुसऱ्या दिवशी एसटीत लावले तर डावीकडून आवाज कमी. उजवीकडून बाई खणखणीत गातेय आणि डावीकडून जणू विहिरीतून. परत नेले. तो म्हणाला, रबर बरोबर बसत नसेल, फट राहिली की आवाज पळून जातो. लहान टोप्या लावून दिल्या. तरी तेच. मोठ्या लावल्या, कान दुखला, आवाज होता तेवढाच. मग दुसरी जोडी घेतली, जरा बरी, जाड वायरीची. तिचंही डावीकडून कमी! माझा पारा चढला. मी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, तुम्ही डावीकडचा माल कुठून आणता हो, सगळाच मेलेला? तो बिचारा कानात घालून बघतो, फुंकर मारतो, परत घालतो, म्हणतो, "माह्या कानात तं चांगला वाजून राह्यला." मी म्हटलं, तुमचे कान दुकानदाराचे आहेत.

मग मानेत अडकवायचा पट्टा असतो तो घेऊन पाहिला. तो मंगळसूत्रात गुंतला, दोन्ही सोडवता सोडवता यवतमाळ आलं. बिनवायरीची बोंडं पाहिली, ती जोडमोहाच्या फाट्याच्या आधीच्याच एका खड्ड्यात उडून सीटखाली गेली, कंडक्टरनं बॅटरी लावून शोधून दिली. मी घरी येरझाऱ्या घालायची, डबीतून इअरफोन काढायची, घालायची, काढायची. मोबाइलमध्ये आवाज डावीकडे सरकवायची सोय असते, तीही करून पाहिली. यजमान म्हणाले, "अवो, सोडा ना आता. एवढं त्या वायरीच्या मागं काय लागल्या?" मी त्यांच्यावर खेकसले. कशासाठी खेकसले ते मलाही कळेना. एक वस्तू धड मिळत नाही याचा राग एवढा येतो का कुणाला? मला येत होता. झोपून उठले तरी तो तिथंच असायचा.

आणि मग लेकीचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, फोन डाव्या खांद्यात धरलेला. ती काहीतरी बोलत होती, मी म्हणत होते, हो हो, चांगलं झालं, हो. तिनं मला थांबवलं. मग म्हणाली, "आई, मी सांगून राह्यली का चार दिवस तापानं पडली होती. चांगलं काय झालं त्यात?" मी म्हटलं, कुकरच्या शिट्टीत ऐकू आलं नाही. कुकर लावलेलाच नव्हता बाबा.

तुमचं 'हो हो' मला त्या क्षणी आठवलं. पंगतीत, ओसरीवर, आईच्या शेजारी, तुम्ही हसऱ्या चेहऱ्यानं मान हलवायचात. आयुष्यभर अॅम्प्लिफायरजवळ, भोंग्याखाली बसलेला माणूस, कान कधी विझले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आई ओरडून ओरडून थकली आणि मग हळूहळू तुम्हाला सांगायचंच बंद झालं. कोण आलं, कोण गेलं, भाव काय, पोरीला स्थळ कुठलं. तुम्ही घरात होता आणि घर तुमच्याशिवाय चालू होतं. तुमची ती लाऊडस्पीकरची मशीन विकली तेव्हाही आईनं तुम्हाला विचारलं होतं, मी तिथंच होते. "देऊन टाकू का तुमची मशीन? गिऱ्हाईक आलं हाये." तुम्ही म्हणालात, "हो हो." दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं पुजतात, तसे तुम्ही फडकं घेऊन मशीन पुसायला गेलात, तर फळी रिकामी. तुम्ही बाहेर आलात, "माही मशीन कुठी गेली?" आई म्हणाली, "तुमीच तं हो म्हटलं होतं." तुम्ही आईकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला तेही ऐकू आलं नव्हतं, हे तुमच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. आणि तुम्ही पुन्हा म्हणालात, "हो हो." त्या दिवशी तुमचं जेवण झालं नाही.

परवा सकाळी एसटीत बसले होते. दुकानदारानं पुन्हा बदलून दिलेली तिसरी वायरवाली जोडी कानात, डावीकडून तोच विहिरीतला आवाज. मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या देत होते आणि एकाएकी केळापूरकडचं ते लग्न आठवलं. मी परकर-पोलक्यातली, तुमच्याबरोबर हौसेनं आलेली. मांडवाच्या एका बाजूचा भोंगा दमेकऱ्यासारखा वाजत होता, नवरदेवाचा मामा तणतणत होता, आणि मी म्हटलं, बाबा, हा भोंगा खराब झाला, फेकून द्या. तुम्ही माझ्यावर ओरडलात. मला ते ओरडणं अजून ऐकू येतं. "आधी पालटून पाह्य ना! तिकडचा चांगला भोंगा इकडच्या वायरीले लाव. तोही मुका झाला, तं भोंग्याचा काय गुन्हा?" आणि तुम्ही घामाघूम होऊन दोन्ही भोंगे उतरवलेत, पालटलेत. चांगला भोंगा इकडे येऊन मुका झाला. वायर बैलगाडीच्या चाकाखाली चेंगरली होती.

मी बोंडं काढली. एल लिहिलेलं उजव्या कानात घातलं, आर लिहिलेलं डाव्या. दुकानदाराची ताकीद मोडून. ज्या बोंडाला मी आठवडाभर मेलेलं म्हणत होते ते उजव्या कानात असं स्वच्छ वाजायला लागलं की तबल्याच्या शाईवरचं बोट कळावं. आणि चांगलं बोंड डाव्या कानात जाऊन विहिरीत पडलं. मी पुन्हा पालटलं. पुन्हा पालटलं. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं वो, बिघडले काय?" मी म्हटलं, नाही, चांगले आहेत. खिडकीबाहेर तूर फुलली होती, तिच्याकडे बघत बसले.

इअरफोन खरंच चांगले आहेत बाबा. तिन्ही चांगले होते. त्या माणसाला मी नाही नाही ते बोलले. पण मला आता त्याची लाज वाटायलाही सवड नाही, इतकी भीती वाटते. ऑफिसच्या खिडकीशी पालक येतात, मी उजवा गाल पुढे करते, हे माझ्या आता लक्षात येतं. यजमान डावीकडे बसले की मी जागा बदलते, तेही. केव्हापासून करते आहे कोण जाणे. यवतमाळला कानाचे डॉक्टर आहेत. त्यांच्या पाटीखालून दोनदा गेले, जिना चढले नाही. डॉक्टर म्हणतील मळ आहे, असं मनाला सांगते. पण बाबा, मळाचा कान असा नसतो, मी तुमची लेक आहे, मला आवाज कळतो. तुम्हाला कळलं होतं का? पहिल्या दिवशी? आणि कळलं होतं तर कुणाला का नाही सांगितलंत? घरच्यांनी मोठ्यानं बोलावं हे नको होतं, की हळूहळू बोलायचंच सोडावं याची धास्ती होती? मला दोन्ही नको आहे. मला लेकीनं ताप आला तर सांगावं असं वाटतं, आणि मी तिला काय झालं ते विचारावं.

आज रविवार आहे, दुपारपासून लिहिते आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही हे उघडच आहे. आणि आता खरं सांगते. मी लिहायला बसले होते ते लेकीला. तुझ्या आईचा डावा कान जातो आहे, तू ये आणि मला डॉक्टरांकडे ने, एवढंच लिहायचं होतं. तिचं नाव लिहिलं, खोडलं, आणि तुम्हाला लिहीत बसले.