ढाल भिंतीवरच राहील

चि. वेंकटरावास अक्काचा आशीर्वाद.

बहीण तंजावुरात दिलीय, हे विसरलास काय? एका बसची वाट, तरी निमंत्रण टपालानं धाडलंस. तुमच्या तिरुवैयारुच्या कबड्डी संघाचा सुवर्णमहोत्सव आहे म्हणे. नात कविता सांगते, दोन्ही संघांना पैसा पुरवणाऱ्या कोला कंपनीच्या फलकांवर आमचा तंजावुरचा संघ आता तुमचा भाऊ झालाय. म्हणून तुझ्या भावोजींनी तुम्हांला हरवून आणलेली ढाल प्रदर्शनाला हवी? त्या दिवसापासून तू माझ्या घरचं पाणी सोडलंस. ते गेले तेव्हाही उंबऱ्यातून परतलास. मला संशय आहे, ढाल हाती आली की तू पुन्हा फिरकायचा नाहीस. ती इथंच राहील. पाहायची तर जेवायला ये.

हे पत्र कविता लिहून घेतेय. टपालात टाकायचं की नाही, मी ठरवलेलं नाही. टाकलंच, तर तुमच्या गावचा तो मुगाचा अशोका हलवा मोठ्या डब्यात पाठव. रिकामा डबा न्यायला तूच यायचंस.

तुझी अक्का,
भवानी