वाघ कोणी आणला

३ नोव्हेंबर
वनरक्षक म्हणून पहिलीच नेमणूक, आणि गाव मिळालं ते प्रवरेकाठचं! चहूबाजूंनी ऊस. भंडारदऱ्याच्या डोंगरात वाढलेल्या मला एवढा सपाट हिरवा रंग नवाच. खोली रंगुबाईंच्या घरामागे, खिडकीसमोर पेरूचं झाड. माझी बॅग उचलताना त्या म्हणाल्या, पंकजाबाई, लई जड हाय, वाघ भरून आनला का काय? सगळी गल्ली हसली, मीही हसले. त्यांची सहा वर्षांची नात रेश्मा मात्र खरंच बॅगेत वाकून बघून गेली.

६ नोव्हेंबर
ऊसतोड सुरू झाली तसा बिबट्या उघड्यावर येऊ लागलाय. इकडे त्याला वाघच म्हणतात. रंगुबाईंच्या मळ्याजवळ ताजे ठसे सापडले. आज टेम्पोतून पिंजरा आला. मागच्या कप्प्यात शेळी, मधे जाळी. पुढून बिबट्या शिरला की दार पडतं आणि शेळीला ओरखडाही येत नाही. जाळीची कडी तुटकी निघाली. तात्पुरती तार गुंडाळली, ऑफिसला कळवलं. रेश्माने शेळीचं नाव राणी ठेवलं आणि तिला पेरू भरवला.

९ नोव्हेंबर
डेअरीवाले श्रीमंतदादा मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होते: ताडपत्री टाकलेला टेम्पो, आत पिंजरा. तो आपलाच आणि रिकामा होता, असं मी सांगितलं. रिकामा होता तर झाकला कशाला, म्हणाले. धुळीसाठी, म्हटलं तर कोणी हसलंही नाही. शेतीला लाईट रात्रीच देतात आणि वनखातं वाघही रात्रीच सोडतं. लोक भिऊन जमिनी विकतील, मग कंपनी येईल, असा त्यांचा हिशेब. लाईटचं खरं आहे. म्हणून पुढचंही लोकांना खरं वाटतं.

१२ नोव्हेंबर
पिंजरा ओढ्यात उलटा पडलाय. शेळी कोणीतरी सोडून नेली. पिंजरा आला आणि वाघ दिसायला लागला, तेव्हा पिंजरा नको, असं ठरलं म्हणे. मी घरोघर जाऊन हात जोडले, निदान दिवेलागणीला पोरांना बाहेर पाठवू नका. शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, हिला बरं ठावं, त्यो कवा येनार त्ये.

१४ नोव्हेंबर
जे बोलते त्याचा पुरावाच होतो. आता गप्प राहते, तर म्हणतात, काहीतरी लपवतेय. रंगुबाई रेश्माला माझ्या दाराकडे फिरकू देत नाहीत. ऑफिसातून साहेब म्हणाले, पोलीस पाठवतो. नको म्हटलं.

१६ नोव्हेंबर
रेश्मा गेली.
पेरूच्या झाडाखालून बिबट्याने उचलली. माझ्याच खिडकीसमोरून. मी गस्तीवर होते — तिकडे, उसाच्या दुसऱ्या टोकाला —
रंगुबाई रडल्या नाहीत. जवळ येऊन हळूच विचारलं, बॅगंत व्हता ना गं त्यो?

१७ नोव्हेंबर, सकाळ
गावकऱ्यांनी ऑफिसची गाडी वेशीवरून परत पाठवली. माझा मोबाईल श्रीमंतदादांकडे. त्यांनी पिंजरा ओढ्यातून काढला, मळ्यात नेऊन लावला. मला वाटलं, पटलं एकदाचं —

संध्याकाळ
शेळीच्या कप्प्यात मी आहे. बाहेरून कुलूप. वही खिशात होती.
खाल्लं न्हाई तर वाघ तुझा, म्हणाले. आणि खाल्लं तर? श्रीमंतदादा म्हणाले, मग माफी मागू.

सगळे मळ्यातल्या घराच्या गच्चीवर, मोबाईल धरून. रंगुबाई पुढे. मी ओरडले. कोणी हललं नाही.

ऊस हलतोय.

दार पडलं. तो आत — जाळीपलीकडे बसलाय — शांत — माझ्याकडे बघत —
गच्चीवरून आवाज. बघा, बघा, वळखतो तिला.

उठला. पंजा जाळीवर. तार — मीच गुंडाळलेली — एक पीळ सुटला — दुसरा —