गाडी मीच चालवणार

३ एप्रिल, शुक्रवार. लातूर.
पहाटे फिरून आलो. धुकं फार. एप्रिलात असं धुकं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाचवीच्या पुस्तकातली पहाटेची कविता आठवली, रस्त्याच्या मधोमध म्हणत गेलो. एका रिक्षावाल्यानं ओरडून दाद दिली.

२६ तारखेला देवणीला आमच्या मॅट्रिकच्या बॅचचा मेळावा. श्रीमंतला (पाचवीपासून एका बाकावर, आता एका गल्लीत) शब्द दिला, माझ्या मारुतीतून जाऊ, गाडी मीच चालवणार. तो म्हणाला, गड्या, यष्टी काय वाईट हाय? पहिल्यापासून अरसिक. ग्रुपवरही टाकून दिलं : शाळेच्या फाटकातून गाडी आत नेणार. अंगठेच अंगठे. आता माघार नाही.

दुपारी : लायसन मार्चमध्येच संपलंय. किरकोळ बाब.

सिंधू म्हणाली, अहो, मी चालवते की, माझं हाय लायसन. हसलो. बायकोला ते मीच हौसेनं काढून दिलं होतं. गाडी कधी दिली नाही, तो भाग वेगळा. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यापासून तिला नको तेवढं दिसतं. माझ्या शर्टावरचे डाग, भिंतीवरची जाळी.

६ एप्रिल, सोमवार.
अर्ज ऑनलाइन. ओटीपी जुन्या नंबरवर गेला. तो नंबर मी केव्हाच सोडला, कळवायचं राहिलं. पत्ताही राहिलाच. लायसनवर मी अजून नांदेडच्या भाड्याच्या खोलीत राहतो, खिडकीतून गोदावरी दिसते.

जुन्या नंबरवर फोन लावला. अर्धापूरचे कोणी रामलिंग, केळीचे व्यापारी. नम्रपणे म्हणालो, तुम्हाला आत्ता एक आकडा आला असेल, तेवढा सांगा. ते म्हणाले, म्हाताऱ्याचा आवाज काढून फसवून राहिला का रे? विश्वास बसावा म्हणून त्यांना नांदेडच्या आठवणी सांगू लागलो. त्यांनी फोन ठेवला. लोकांना ऐकून घ्यायला सवड नाही.

८ एप्रिल.
सून मालविकानं नंबर बदलून दिला, पत्ताही. गोदावरी एका बोटानं गेली. संध्याकाळभर करमलं नाही.

आता फक्त डॉक्टरांचं सर्टिफिकेट. चाळिशीनंतर सगळ्यांनाच लागतं म्हणे. म्हणजे वयाचा संबंध नाही.

११ एप्रिल, शनिवार.
सिंधूला डोळ्यांच्या तपासणीला डॉ. वीरण्णांकडे नेलं. ती औषधं घेत होती तेवढ्यात भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याजवळ गेलो. बराच जवळ. शेवटच्या ओळीपर्यंत पाठ केला. न म ग त, प ल र... ओवीच्या चालीत सुंदर बसतं. यात लबाडी नाही. आमचे मास्तर पुस्तक मिटूनच म्हणायला लावायचे.

१७ एप्रिल.
जिवाला चैन नाही. खुर्चीत बसलं तरी डावा पाय क्लच दाबतो. उठलो, गाडी धुतली. बसलो. पुन्हा उठलो, पुन्हा धुतली. सिंधू म्हणाली, दोन्ही वेळा एकच बाजू धुतलीत.
उद्या डॉक्टर. धुकं वाढलंय.

१८ एप्रिल, शनिवार.
डॉक्टरांनी लांब बसवलं. म्हणाले, वाचा काका. एका दमात म्हटलं, न अडखळता, शेवटच्या ओळीला आवाज किंचित खाली आणून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, भारावले.

डॉक्टर म्हणाले, काका, पाठांतर झकास. पण तक्ता या सोमवारपासून उजवीकडं, टीव्हीवर असतो. तुम्ही वाचलं ते खताच्या दुकानाचं कॅलेंडर. सिंधू म्हणाली, त्याच्यावर देवणी बैल हाय, अहो. एवढा मोठा.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी ऑपरेशन, मग सर्टिफिकेट.
दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. तिथला तक्ता वेगळा असेल, ही अडचण.

२२ एप्रिल.
ग्रुपवर काही कळवलेलं नाही. ऐनवेळी काहीतरी सुचेल. मला नेहमी सुचतं.

२६ एप्रिल, रविवार. रात्री.
सुचलं नाही. सकाळी सिंधूनं किल्ली मागितली नाही, घेतली. श्रीमंत ऐटीत पुढं बसला. मी मागे, डब्यांजवळ. चाळीस वर्षांत या सीटवर पहिल्यांदाच. सिंधू चालवत होती, झोकात, हॉर्न न वाजवता. सुनेच्या गाडीवर सराव करत होती म्हणे, मला आजच कळलं. मी कविता सुरू केली तर श्रीमंत म्हणाला, गप रे, वहिनीला गाडी चालवू दे.

नळेगावच्या पुढं मी म्हणालो, सिंधू, जरा हळू, धुकं आहे. श्रीमंत वळून म्हणाला, कशाचं धुकं? ऊन लई कडक हाय की.
सिंधूनं मात्र गाडी हळू केली.

शाळेच्या फाटकातून गाडी आत गेली. टाळ्या! मी खिडकीतून हात हलवला, बराच वेळ. श्रीमंत हळूच म्हणाला, गड्या, टाळ्या वहिनीला हायत. अन् माणसं या बाजूला हायत. तू भिंतीला हात करून राहिलास.

मंगळवारी ऑपरेशन. सिंधू गाडीनं नेणार.
गाडी मात्र मीच धुणार. नंतर, दोन्ही बाजू.