वऱ्हाडी आवाज पाहिजे

११ एप्रिल २००५
घेतलं! मला घेतलं!

पुण्यात आवाजाच्या चाचणीत रेडिओवाल्या बाईनं पहिल्याच वाक्याला हात वर करून थांबवलं होतं — "तुमचा ण कुठे गेला?" बाकीच्या मुली फिदीफिदी. तेव्हापासून मी ण शोधतेय. घरातसुद्धा पुस्तकी बोलायचे. आई वैतागायची, "पाव्हन्यावानी काऊन बोल्तं वं?" आणि आज चिखलीच्या लॉजवर कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीला तो हरवलेला ण जसा हरवला तसाच हवा होता. जाहिरातीसाठी. "शुद्ध नको. आई बोलते तसं बोला."

साहेब गोरा, साठीचा, नाव फर्गस. त्याला मराठी ओ की ठो कळत नाही. खरं वऱ्हाडी कोण बोलतं ते जीपचा ड्रायव्हर अजहर ठरवत होता. मी दोन वाक्यं बोलले आणि तो म्हणाला, "बस साहब, हीच पोरगी."

मी साहेबाला 'तुम्ही इंग्रज लोक' म्हणाले तर कानापर्यंत लाल! "इंग्रज नाही. स्कॉटिश. पुन्हा म्हणू नका."

१४ एप्रिल
साहेबाची इंग्रजी आमच्या मराठीसारखीच — गावठी! हो म्हणजे 'येस' नाही, 'आय'. लहान म्हणजे 'वी' — वी चहा, वी काम, वी डोकेदुखी. लेकरू म्हणजे 'बेर्न'. ढगाळ, ओलं, रडकं हवामान म्हणजे 'ड्रीख'. बाहेर ऊन आग ओकून राह्यलंय आणि हा खिडकीत बसून ड्रीखच्या नावानं उसासे टाकतो. कसे आहात विचारलं तर "वाईट नाही". म्हणजे फारच उत्तम! अजहर म्हणाला, "मॅडम, हा तं आपल्यातलाच निंगाला. आपुन मरून राह्यलो तरी 'चाल्लं' म्हनतो."

संध्याकाळी त्याला अमडापूरला आणलं. रुख्मिणीमावशीच्या ओट्यावर बसवलं. मावशी भिंतीपलीकडची. मला अर्धं तिनंच वाढवलं. ती आणि रंगरावकाका, चार एकर कोरडवाहू वावर, बस. साहेबाचं प्रत्येक वाक्याला "आय, आय". मावशी पदराआड हसली — "हा बुढा मायले काऊन हाका मारून राह्यला?" मी सांगितलं, मावशी, आय म्हणजे हाव. मग तीही प्रत्येक गोष्टीला — "आय!" दोघं पोटभर हसली.

२० एप्रिल
आज आवाज भरला.

मधे चहाला थांबलो तेव्हा साहेबानं सांगितलं — शाळेत 'आय' म्हटलं की मास्तर चामड्याच्या पट्ट्यानं तळहात फोडायचा. घरी 'येस' म्हटलं की आजी मारायची. मी हसले. तो हसला नाही. "माझी आई बंदरावर मासे 'आय' म्हणणाऱ्याकडूनच घ्यायची. 'येस'वाल्याचा मासा कितीही ताजा असो — नाही. लोक माल बघत नाहीत, छाया. बोली ऐकतात."

मग मी बोलले. मावशी बोलते तसं. "आयका वं बायाहो! बोंडअयीचं भेव नोका धरू. कोरडवाहू वावरातबी बोंडंच बोंडं! खोटं बोलीन तं जीभ झडन माह्यी!"

शेवटची शपथ मावशीचीच. उठता बसता तिच्या तोंडात. साहेबाला अर्थ सांगितला. त्यानं टेबलावर थाप मारली — "वाईट नाही!"

कोरडवाहूचं वाक्य कंपनीनं दिलेलं. मी फक्त वऱ्हाडी केलं.

१८ मे
बाजारात जीप. जीपवर भोंगा. भोंग्यात मी!

कांदेवाली तराजू धरून थांबली. म्हातारे मान हलवत होते. कुणी ण विचारला नाही. अजहरनं गर्दीतून मला बघितलं आणि आवाज मुद्दाम वाढवला. रडूच आलं मला.

३ जून
मावशीनं त्याच बियाण्याची पाकिटं आणली. "दुकानदार दोन सालापासून मांगं लागला होता, मी नाई आयकलं. पन तू म्हनली तं खोटं कसं असन?"
मी म्हटलं, हाव मावशी.
आईनं मात्र तूर अन् ज्वारीच धरली. का, विचारलं. "तू खोटं बोल्ते तवा लय साजरी बोल्ते. मले माइत हाये." दिवसभर बोलले नाही तिच्याशी.

२६ ऑगस्ट
पावसानं दडी मारलीय. मावशीच्या कपाशीची पऱ्हाटी गुडघ्यापर्यंतच.

३० सप्टेंबर
लाल्या. बोंडअळी नाही, खरंच नाही — पण पानंच लाल होऊन गळताहेत. बोंडं सुपारीएवढी. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांचं बरं आहे. कोरडवाहूवाल्यांचं सगळ्यांचं एकच. मी बांधावर उभी होते. मावशी पऱ्हाटीच्या ओळींतून चालत आली, माझ्याकडे न बघता पुढं गेली.

४ ऑक्टोबर
साहेबाला फोन केला. म्हटलं, तुम्ही कोरडवाहू म्हणाला होतात. "पाऊस कंपनी पाडत नाही." म्हटलं, मावशी आठवते का, जिच्या ओट्यावर चहा प्यालात? "येस." तिचं सगळं गेलं. "येस, अंडरस्टूड." अख्ख्या फोनमध्ये गावठी शब्द एक नाही! अशी धुतलेली इंग्रजी, पुण्याच्या त्या बाईला आवडली असती.

१६ ऑक्टोबर


बाजारात बायांनी धरलं. मिरच्यांच्या हातगाडीवर चढवलं. "बोल, भोंग्यात बोलली तसंच बोल!" मी नाही म्हटलं तर कुणीतरी वेणी ओढली. बोलले. "मोठ्यानं!" पुन्हा बोलले. पुन्हा. तिसऱ्यांदा लोक माझ्याबरोबरच म्हणायला लागले, पोरं नाचायला लागली — बोंडंच बोंडं, बोंडंच बोंडं!

मग गर्दी फाकली. मावशी. वाटलं, सोडवायला आली. तिनं माझी हनुवटी धरली, जशी लहानपणी औषध पाजायला धरायची. "आ कर." केला. आत बघितलं तिनं, नीट, निवांत. मग लोकांकडं वळली — "जीभ हाये बाप्पा अजून जाग्यावरच!"

सगळा बाजार हसला. मीसुद्धा ओळखीचे चेहरे बघून हसल्यासारखं केलं. का केलं?

१७ ऑक्टोबर
दारात उपटलेली एक लाल पऱ्हाटी.

१८ ऑक्टोबर
आजही. आईनं उचलून चुलीत घातली. "जयते साजरी," जाळाकडं बघत म्हणाली.

९ नोव्हेंबर
पऱ्हाटी रोज येतच होती. आज आली नाही. वावराकडं जाऊन बघितलं — मावशीनं उभ्या पऱ्हाटीत बकऱ्या सोडल्यात. स्वतः बांधावर बसलीय, हात मांडीवर. रंगरावकाका ओरडताहेत, ती ऐकत नाही. मी हाक मारली, "मावशी!" तिनं खडा उचलला आणि कुत्र्याला हाणतात तसा माझ्याकडे भिरकावला. लागला नाही. लागायला हवा होता.

१२ जानेवारी २००६
गावात आता खोटं बोलणाऱ्याला 'छायाबाई' म्हणतात. आज बसमध्ये कंडक्टरनं म्हटलं एका प्रवाशाला. मी मागच्याच सीटवर. चेहऱ्यानं ओळखत नव्हता तो मला.

९ एप्रिल
कंपनीची जीप मावशीच्या दारात! साहेब उतरला. मी भिंतीमागून बघत होते. मावशी आधी किंचाळली. चप्पल उगारली. अजहर मधे पडला. साहेब ओट्यावर बसला — खालच्या पायरीवर, तिच्या पायाशी. ती रडत होती, बोलत होती, सगळं सगळं सांगत होती. अजहर सांगेल तसं तो मान डोलवत होता. "आय... आय..." त्याचा शब्द परत आला होता. जाताना त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

माफी मागायला आला. मला बरं वाटलं. खरंच. त्यानं मागितली म्हणजे आता मलाही मागता येईल. रांगेत त्याच्यामागे उभं राहिल्यासारखं.

१० एप्रिल
गेले होते मावशीकडे. दार उघडलं. मला बघून लावून घेतलं.

२१ मे
सकाळी जीप आली. भोंग्यात मावशी.

"आयका वं बायाहो! मी रुख्मिनी, अमडापूरची. गेल्या साली त्या पोरीचं आयकलं अन् फसली. तिनं इकलं ते बियानं नोका घेऊ. औंदा हे नवं आलं—"

कंपनी तीच. जीप तीच. अजहरनं आमच्या दारापुढं वेग कमी केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आई हातातलं पीठ न झाडता अंगणात गेली. जीप वळणापार होईस्तोवर ऐकत उभी राहिली. आत येऊन म्हणाली —

"कोनतं नाव सांगतलं वं रुख्मिनीनं? औंदा आपल्या वावरात तेच लावू."