घरच्या मैदानाची वही

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे पाचला उठले. कोंबड्या सोडल्या, बिस्किटांचे पीठ मळून भट्टीत लावले आणि रॉयसचा खेळाचा पांढरा पायजमा मागच्या नळावर घासायला घेतला. आमच्याकडची माती लाल. गुडघे साबणाच्या वडीने तीनदा घासावे लागतात, तरी गुलाबी छटा राहतेच. आत आले तेव्हा बारा वर्षांचा रॉयस टेबलाशी बसून बिस्किटाला लोणी लावत होता. डाव्या हाताने. तो उजव्या हाताचा. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला होता, झोपलेले मांजर ठेवावे तसा. मी ते पाहिले आणि त्याच्या सदऱ्याला इस्त्री करायला गेले.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण माझ्याकडे देण्यासारखे आणि सांगण्यासारखे जे काही आहे, ते त्या सकाळपाशी येऊन थांबते.

मी, वर्लीन मॅबरी, कै. ड्यूई मॅबरी यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार टलूला बेंड, अलाबामा, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. वकील केलेला नाही. गावच्या लायब्ररीतल्या कायद्याच्या पुस्तकावरून लिहीत आहे. ड्यूई असताना केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते त्याचे होते, खाली सही तेवढी माझी होती.

एक. राहते घर माझा एकुलता एक मुलगा रॉयस याला द्यावे. घर मैदानाच्या कुंपणाला लागून आहे. ड्यूईने तीस वर्षे गावातल्या पोरांना बेसबॉल शिकवला, म्हणून तो गेल्यावर मैदानाला त्याचे नाव दिले. फलक बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभा केला. सात वर्षे मी भांडी घासताना नवऱ्याचे नाव वाचते. पडदा ओढला की तासाभरात कोणीतरी दार ठोठावते, "वर्लीनकाकू, बरं वाटत नाही का?" म्हणून पडदा उघडा असतो.

घर देण्याला एक अट आहे. परसात चेंडू टाकायच्या सरावासाठी ड्यूईने रचलेला मातीचा उंचवटा सपाट करावा. रॉयस सहा वर्षांचा असताना ट्रकभर माती आणून तो रचला. माझ्यासाठी त्याने कधी फुलांचा वाफा खणला नाही. तिथे भेंडी लावावी. चांगली येईल, माती दाबून दाबून बसली आहे, तेवढी आधी फोडून घ्यावी.

दोन. बँकेत जे शिल्लक असेल ते नातू टेट याच्या शिक्षणासाठी. कुठलेही शिक्षण चालेल, फक्त ते मिळवायला काही फेकून दाखवावे लागू नये.

तीन. बिडाचा तवा शेजारीण ओझेला मिंटर हिला द्यायचा होता. चाळीस वर्षे ती विचारते आहे, "वर्लीन, तवा मला देणार आहेस, की सोबत पुरून घेणार आहेस?" पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे पुस्तकात आहे, आणि साक्षीला मला तीच हवी. म्हणून तवा आजच तिच्या हातात दिला. तिने तो तिथेच उलटा करून तळ तपासला.

चार. पलंगाखाली बुटांचे खोके आहे. त्यात कॉलेजांकडून रॉयसला आलेली एक्केचाळीस पत्रे आहेत. सतराव्या वर्षी तो शाळेच्या फूटबॉल संघात क्वार्टरबॅक होता; आमच्याकडच्या फूटबॉलमध्ये चेंडू हाताने लांब फेकायचा असतो, तो फेकणारा. दर सामन्याला कोण ना कोण पाहायला येई. एका मोठ्या कॉलेजचा मुले हेरणारा माणूस याच टेबलाशी बसला आणि मी भाजलेली पीचची गोड पाई तीनदा वाढून घेतली.

"वर्लीनताई, हात सोन्याचा आहे तुमच्या पोराचा," तो म्हणाला. "आम्ही घरच्यासारखा सांभाळू."

"त्याला सकाळी कोपर दुखतं," मी म्हणाले.

ड्यूईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. "वाढत्या वयात दुखायचंच," तो म्हणाला, आणि दोघे हसले.

ऑगस्टमध्ये सरावात रॉयसने एक लांब चेंडू टाकला आणि खाली बसला. कोणी त्याला धक्काही दिला नव्हता. कोपरातला अस्थिबंध तुटला होता. त्यानंतर त्या माणसाने फोन उचलला नाही. पत्रे जाळावीत. उरलेली पाई ज्या निळ्या काठाच्या बशीतून त्याने नेली, ती माझ्या आईची होती. तो कुठे असेल तिथून त्याने ती टेटकडे पोचती करावी. मी विसरलेले नाही.

रॉयस आज छत्तीस वर्षांचा आहे, टायरच्या दुकानात काम करतो. एकोणीस वर्षे तो एकच वाक्य म्हणतो, "माझाच हात कच्चा होता, आई." मी ऐकते आणि त्याच्या ताटात वाढते.

पाच. मैदानावर बसून मी लिहिलेल्या स्कोअरच्या एकतीस वह्या आणि फेका मोजायचे बटणाचे यंत्र. यांविषयी नीट लिहायचे आहे.

मी सातवीत शाळा सोडली. आकडे आणि नावे भराभर लिहायला मी या वह्यांत शिकले, आणि त्यातून वाचायची सवय लागली. आमच्या लीगचा नियम असा की बारा वर्षांच्या मुलाने एका दिवशी साठपेक्षा जास्त चेंडू टाकले, तर पुढे चार दिवस टाकायचे नाहीत. दोन्ही संघांच्या बाया मोजतात. आकडे जुळले नाहीत, तर घरच्या मैदानाची वही खरी धरतात. ती वही माझी. जगात कुठेही माझा शब्द शेवटचा नव्हता. तिथे होता.

१९९९ च्या जूनमध्ये एका गुरुवारी रॉयसने सत्त्याण्णव चेंडू टाकले. शनिवारी अंतिम सामना होता. ड्यूई माझ्या खुर्चीमागे येऊन वाकला.

"वर्लीन, पेन्सिलीच्या बुडाला रबर कशाला असतं गं?"

मी हसले. हसले, हे मुद्दाम लिहिते. त्याने मला दटावले असते तर आज मला सोपे गेले असते. मी अठ्ठावन्न लिहिले. पाहुण्या संघाच्या बाईने आपली वही पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि वही मिटली. शनिवारी रॉयसने पुन्हा टाकले आणि आम्ही जिंकलो. तो विजयाचा कापडी फलक अजून कुंपणावर आहे, दरवर्षी मीच धुते. वर लिहिलेली सकाळ त्या शनिवारची.

पुढे मी लायब्ररीतून हाडांवरचे जाड पुस्तक आणले, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. मुलाच्या कोपरातले हाड अजून जुळलेले नसते. रॉयसचा हात कच्चा नव्हता. लहान होता.

सहा. हे सगळे आजच का लिहिते, ते सांगते. आता रॉयस संघाला शिकवतो आणि टेट बारा वर्षांचा आहे. काल, गुरुवारी, टेटने चौऱ्याहत्तर चेंडू टाकले. उद्या अंतिम सामना आहे.

"अठ्ठावन्न लिही, आई."

"चौऱ्याहत्तर झालेत रे."

"मीपण अठ्ठावन्न टाकून शनिवारी टाकलेच होते की. तुझीच वही काढून बघ. काय झालं मला? हात कच्चा निघाला, ते वेगळं. टेटचा मी आत्तापासून पक्का करतोय."

चौऱ्याहत्तरवर अडून बसले असते, तर सत्त्याण्णवही सांगावे लागले असते. मग फलकावरचे नाव, कुंपणावरचे कापड, आणि माझ्या मुलाने आयुष्यात जिंकलेली एकच गोष्ट, सगळे खाली आले असते. त्याच्याच गाडीतून मी दवाखान्यात जाते, चर्चला जाते. मी अठ्ठावन्न लिहिले.

आज सकाळी टेट नाश्त्याला आला. फाटकाची कडी त्याने डाव्या हाताने काढली.

"दुखतोय का रे हात?"

"नाही आजी. नुसता गरम झालाय. बाबांना नको सांगूस हं."

म्हणून हे मृत्युपत्र. १९९९ ची वही रॉयसला द्यावी, आणि तिच्यातला आकडा खोटा आहे हे माझ्या मागे त्याला कळावे, असे मी ठरवले होते.

ओझेलाने सही करण्याआधी हा मजकूर वाचला. वाचायची गरज नसते, पण ती ओझेला आहे. चष्मा काढून म्हणाली, "आणि तू मरेपर्यंत त्या पोराच्या हाताचं काय करायचं गं? तवा सोडलास, आता हात पुरून घेणार आहेस का सोबत?"

मी पेन तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली आणि तवा घेऊन घरी गेली; एवढे मी मागाहून सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत लिहिले आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांदेखत सही करून पक्के केले आहे.

सही: वर्लीन मॅबरी
साक्षीदार: १. ओझेला मिंटर, शेजारीण. २. थर्मन ॲस्क्यू, ग्रंथपाल.
टलूला बेंड, शुक्रवार, ९ जून २०२३

पुरवणी. शनिवार, १० जून. सही माझी, साक्षीदार वरचेच.

आज पाचला उठले आणि कोंबड्या सोडल्या. मग दोन्ही वह्या घेऊन कुंपणाच्या फाटकातून मैदानावर गेले. सामना सुरू व्हायच्या आधी, लीगच्या सचिवांसमोर आणि रॉयससमोर, परवाच्या वहीतले अठ्ठावन्न खोडून चौऱ्याहत्तर लिहिले, आणि जुन्या वहीतले अठ्ठावन्न खोडून सत्त्याण्णव. पेनाने लिहिले.